सहाशे खिळ्यांची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सकाळी वर्तमानपत्र उघडले की आपण बातमी वाचतो, अक्षर पाहत नाही. छापील मराठी अक्षर डोळ्यांच्या इतके अंगवळणी पडले आहे की ते कुठून आले, हा प्रश्नच मनात येत नाही. म्हणून आज मी एका जुन्या पत्रापासून सुरुवात करणार आहे. हे पत्र १६०८ सालचे. ते लिहिले आहे गोव्याच्या साष्टी भागात राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी, रोममधल्या आपल्या संघाच्या प्रमुखांना. इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत छापलेली पुस्तके पाहावीत, अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असे ते त्यात म्हणतात. अडचणही तेच सांगतात. युरोपच्या लिपीला चोवीस खिळे पुरतात, या लिपीला सहाशे लागतील.

खिळा म्हणजे छापखान्यातला शिशाचा टाईप. एका अक्षराला एक खिळा. आपल्या लिपीत ‘क’ ला एक खिळा देऊन भागत नाही. का, कि, की, कु, कू, क्य, क्र, क्ष अशी त्याची मुलेबाळे धरली की एका अक्षराचे घर भरून जाते. असे सहाशे ठसे कोरायचे कोणी, ओतायचे कोणी आणि त्याचा खर्च द्यायचा कोणी? फादर स्टीफन्स यांची ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. मराठी मजकूर खिळ्यांवर छापला जायला त्या पत्रानंतर जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

आजचा माझा विषय आहे तो चर्चने लोकांशी बोलण्यासाठी वेळोवेळी जी नवी साधने, नव्या रीती हाताळल्या त्यांचा. या नवेपणाचे मोल कशात होते? यंत्रात होते का? गोवा, मुंबई, अहमदनगर आणि केडगाव इथल्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर चांगले सापडते, आणि त्यात मराठी भाषेचाही एक मोठा धागा गुंतलेला आहे.

पहिले साधन अगदी साधे होते. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत, मुले गोळा करत आणि प्रार्थना पाठ करून घेत. तमिळ किनाऱ्यावर गेल्यावर त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या. घंटा माणसे जमवते. जमलेल्या माणसांशी बोलायला त्यांची भाषा लागते. हा धडा त्या पहिल्या काही वर्षांतच मिळालेला होता.

छापखाना आला तो मात्र योगायोगाने. जेझुइटांनी तो ॲबिसिनियासाठी, म्हणजे आजच्या इथिओपियासाठी, लिस्बनहून पाठवला होता. तिकडचा मार्ग गोव्यावरून जाई. ६ सप्टेंबर १५५६ रोजी जहाज गोव्याला लागले. ॲबिसिनियाच्या राजाचे या मिशनबद्दलचे मत फारसे अनुकूल नसल्याने पुढचा प्रवास लांबला आणि यंत्र गोव्यातच राहिले. भारतातला हा पहिला छापखाना. तो चालवणारे ब्रदर जुआन द बुस्तामांते हे स्पॅनिश होते. त्यांच्या हाताखाली छपाईचे काम जाणणारा एक हिंदी माणूसही होता, असा उल्लेख तेव्हाच्या पत्रव्यवहारात येतो. भारतातल्या पहिल्या छापखान्यात पहिल्या दिवसापासून इथला एक हात होता, ही गोष्ट मला लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

या छापखान्यातून धर्मशिक्षणाची पुस्तके निघाली. पण १५६३ साली गोव्यात एक वेगळेच पुस्तक छापले गेले. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला तो ग्रंथ होता. धर्मासाठी आणलेले यंत्र सात वर्षांत हिरडा-बेहड्याची माहिती छापू लागले. नव्या साधनाचे असे होतेच. आणणाऱ्याच्या मनात एक असते, आणि साधन हाती आले की त्याला दहा वाटा फुटतात.

हे सारे पोर्तुगीज भाषेत किंवा लॅटिनमध्ये होते. भारतीय लिपीतले पहिले छापील पुस्तक तमिळमध्ये निघाले. ‘तंबिरान वणक्कम’ ही सोळा पानांची प्रार्थनेची पुस्तिका २० ऑक्टोबर १५७८ रोजी कोल्लमला छापून पूर्ण झाली. तिचे काही खिळे गोव्यातच ओतले होते. म्हणजे गोव्यातला कारागीर तमिळ अक्षर ओतू शकत होता, पण गोव्याच्या आसपास पोथ्यांत दिसणारे नागरी अक्षर मात्र छापखान्याबाहेरच राहिले.

फादर स्टीफन्स यांचा प्रवेश इथे होतो. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातले हे गृहस्थ ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला आले आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, इथेच राहिले. भाषेचा त्यांचा कान विलक्षण होता. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हाच विचार मांडला तो १७८६ साली.

पण त्या काळाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. ती झाकून हा इतिहास सांगता येणार नाही. साष्टीत देवळे पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले होते. जुन्या पोथ्या जप्त होत, जाळल्या जात. ज्यांनी धर्म बदलला, किंवा ज्यांना तो बदलावा लागला, त्यांच्या घरातली पुराणे गेली होती. संध्याकाळी दिवा लावून ज्या ओव्या ऐकायच्या त्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी आली होती ती प्रश्नोत्तरांची कोरडी पाठावली.

फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी याच गोष्टीचा उल्लेख येतो. धर्मशिक्षणाच्या वेळी एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्या जोडीचे दुसरे काही आम्हाला का देत नाही? हा प्रश्न सत्तेपुढे बसलेल्या माणसाचा आहे. तो नम्र आहे, पण त्याच्या पोटात गाऱ्हाणे आहे. आमच्या कानाला गोड लागणारे तुम्ही काढून घेतलेत, ती जागा रिकामी पडली आहे, असे तो सांगतो. फादर स्टीफन्स यांचे मोठेपण हे की त्यांनी हा प्रश्न ऐकला आणि आपल्या ग्रंथात लिहूनही ठेवला.

उत्तर म्हणून त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे पुराण रचले. १६१६ साली ते साष्टीतल्या राशोल, म्हणजे जुन्या रायतूर, इथे छापले गेले. पहिल्या भागात बायबलच्या जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. रूप मात्र पूर्णपणे इथले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेने मुरवलेली ओवी, आरंभी वंदन, मधूनमधून श्रोत्यांचे प्रश्न. भाषाही त्यांनी विचार करून निवडली. जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि सामान्य माणसाला कळावे म्हणून मराठीत तिथल्या बोलीची, कोकणीची, भर घातली. त्या ग्रंथातला मराठीच्या स्तुतीचा भाग आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचला असेल.

आता खिळ्यांचे काय झाले? नागरी खिळे मिळालेच नाहीत. म्हणून हे मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. ओवी मराठी आणि अक्षर परदेशी, अशी ही जोडी. तरी ती लोकांनी स्वीकारली, कारण हे पुस्तक डोळ्यांसाठी नव्हतेच. एकाने वाचायचे आणि साऱ्यांनी ऐकायचे. अक्षर कोणते आहे, याची ऐकणाऱ्याला फिकीर नसते. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मात्र या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हातांनी केलेल्या नकलांमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपले, आणि अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली. पुढे लंडनमधल्या एका संग्रहात देवनागरीतली प्रतही सापडली. यंत्राने छापलेले पान गेले आणि माणसांनी पाठ केलेले, लिहून घेतलेले राहिले. नव्या साधनांबद्दल बोलताना मला हे नेहमी आठवते.

फादर स्टीफन्स एकटे नव्हते. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांनी संत पीटरवर मराठीत पुराण लिहिले. स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राशोललाच छापले गेले. पण हा बहर टिकला नाही. गोव्यातल्या या जुन्या छपाईचे शेवटचे ज्ञात पुस्तक १६७४ चे आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉयने हुकूम काढला. लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असा तो हुकूम होता. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या आग्रहाचा त्यात भाग होता. एका पाद्रीने लोकांच्या भाषेत पुराण लिहिले आणि त्याच चर्चमधल्या दुसऱ्या पाद्रींना ती भाषाच नकोशी झाली. गोव्यात पुन्हा छापखाना सुरू झाला तो १८२१ साली. मधल्या दीडशे वर्षांची शांतता फार बोलकी आहे. छापखाना थांबण्याची कारणे अनेक असतील, पण समोरच्याची भाषाच ज्याला ऐकायची नाही, त्याला त्या भाषेत छापण्याची गरज तरी कशी वाटावी?

मधल्या काळात दुसरे प्रयत्न झाले. सुरतेचे दलाल भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीला सांगून इंग्लंडहून मुद्रक आणवला. आपले जुने ग्रंथ छापावेत, ही त्यांची इच्छा. मुद्रक १६७४ साली आला, पण देशी अक्षर कोरणे त्याला जमले नाही. पुन्हा तेच सहाशे खिळे आडवे आले. पुढे १८०५ साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. तो प्रयत्न सुंदर होता, पण सबंध पान कोरण्याचा होता. सुटे खिळे जुळवायचे, छापायचे आणि मोडून पुन्हा नवे पान जुळवायचे, ही सोय त्यात नव्हती.

ती सोय मराठीला मिळाली महाराष्ट्रापासून दूर, बंगालमध्ये. विल्यम केरी हे इंग्रज मिशनरी सीरामपूरच्या छापखान्यात अनेक भाषांचे काम करत होते. खिळे कोरण्यासाठी त्यांना पंचानन कर्मकार यांच्यासारखा कसबी माणूस मिळाला होता. मराठीसाठी मदत केली ती वैजनाथ पंडितांनी. १८०५ साली केरींचे मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान देवनागरीत छापले गेले. १८१० साली त्यांचा मराठी कोश निघाला तो मोडी अक्षरांत. तेव्हाचा मराठी माणूस हिशेब आणि पत्रे मोडीत लिहायचा, म्हणून मोडीचे खिळे पाडण्याचा खटाटोप. समोरचा माणूस काय वाचतो, हे पाहून केलेली ती नवलाई होती.

पण एक अडचण राहिलीच. बंगालमध्ये बसून घडवलेली मराठी मुंबईच्या लोकांना नीट कळेना. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले, तेव्हा हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी नवा करार पुन्हा भाषांतरित करायला घेतला. खिळे कलकत्त्याकडून आणून त्यांनी मुंबईत छापखाना घातला आणि मार्च १८१७ मध्ये पहिली आठ पानी मराठी पुस्तिका छापली. संपूर्ण नवा करार १८२६ साली पूर्ण झाला. खिळे तयार होते तरी नऊ वर्षे लागली. ती वर्षे भाषा शिकण्यात गेली.

या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचा कसबी माणूस होता. त्याने मराठी वळणाचे, पहिल्यापेक्षा सुबक खिळे घडवले. खिळ्यांच्या संख्येचे कोडे मुंबईच्या छापखान्यांनी हळूहळू सोडवले ते अक्षराचे तुकडे करून. मूळ अक्षर एक, त्याची मात्रा-वेलांटी वेगळी, आणि दोन्ही जुळवायची. तरीही काम सोपे नव्हते. माझ्या लहानपणी मी कंपोझिटरला उभ्याने जुळणी करताना पाहिले आहे. इंग्रजीवाल्यापेक्षा मराठीवाल्यापुढे कितीतरी जास्त खण मांडलेले असत आणि त्याची बोटे न पाहता नेमक्या खणात जात. त्या काळ्या पडलेल्या बोटांना स्टीफन्स यांच्या पत्राचा हिशेब पाठ होता, असे आता वाटते.

या छापखान्याची खरी कमाई पुढे आहे. गणपत कृष्णाजी हे तिथे काम केलेले गृहस्थ. तिथले काम पाहून त्यांनी स्वतःचा शिळाछाप छापखाना उभा केला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या पुस्तकात त्यांची हकीकत आहे. छापील कागदाला शिवायलाही सोवळी मंडळी कचरत. शाईत चरबी असेल म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगतात. दुसरे जावजी दादाजी. ग्रॅहॅम यांच्या हाताखाली पोरवयात खिळे घासायला लागलेल्या या मुलाने १८६४ साली स्वतःचा टाईपचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरने छापलेले संस्कृत ग्रंथ जगभरच्या विद्वानांच्या टेबलावर गेले. मिशनच्या छापखान्यात तयार झालेल्या हातांनी पंचांगे, काव्ये आणि शास्त्रे छापली. मिशनऱ्यांच्या मनात असे काही असण्याचे कारण नव्हते. पण समाजाला त्यांच्याकडून मिळालेली मोठी देणगी हीच ठरली.

छापखान्यानंतर आले नियतकालिक. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि हिंदू धर्मावरची टीका त्यात कडक असे. त्याच्याशी वाद घालणारी पत्रे आपल्याकडे निघाली, तीही चांगलीच गाजली. पण ‘ज्ञानोदया’चा विचार करताना मला आठवतात ते १८५५ सालच्या फेब्रुवारी आणि मार्चमधले दोन अंक. जोतीराव फुले यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध या अंकांत छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. आम्हाला कोणता धर्म आहे, हा प्रश्न त्या मुलीने त्यात विचारला. ती ख्रिस्ती नव्हती. ती मिशनच्या शाळेतलीही नव्हती. ज्यांना पोथीला हात लावायची मनाई, त्यांच्यातल्या एका शाळकरी मुलीचे शब्द शिशाच्या खिळ्यांत जुळवले गेले आणि छापून घरोघर गेले.

झेवियर यांच्या घंटेपासून इथवरचा प्रवास पाहा. आधी चर्च बोलत होते आणि लोक ऐकत होते. मग एका ब्राह्मणाने गाऱ्हाणे मांडले आणि चर्चने आपल्या बोलण्याचे रूप बदलले. आता ज्याचे कोणी ऐकत नव्हते तो या साधनातून स्वतःच बोलू लागला. छापखान्याचे मोल इथे कळते. नाहीतर प्रचाराची पत्रके काय, ढिगाने छापली जात आणि रद्दीत जात.

पुढच्या पिढीतल्या पंडिता रमाबाईंनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी छापखाना घातला आणि आश्रमातल्या मुलींना, बायकांना जुळणीपासून छपाईपर्यंतचे काम शिकवले. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. आधीची भाषांतरे संस्कृताने जड झालेली, ती खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, हे त्यांचे म्हणणे. संस्कृतात पंडिता ठरलेल्या बाईंनी संस्कृत शब्दांचा भार उतरवायला घ्यावा, यात मोठा अर्थ आहे. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हे काम त्यांनी शेवटाला नेले होते. ज्या विधवांना घराबाहेर तोंड दाखवायची चोरी होती, त्यांनी त्या बायबलची पाने जुळवली.

सगळी नवलाई यंत्राचीच होती असे मात्र नाही. सुरुवातीला मराठी मंडळ्यांमध्ये इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवून गीते गायली जात. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होई आणि खेड्यातल्या माणसाला ते सूर आपले वाटत नसत. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग तेच, आख्यान येशूचे. मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी अभंग आणि कीर्तन घेऊन मंडळीत आला. इथली भक्ती इथल्याच ताटात वाढली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत कायमची बसली. ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. टाळ-मृदंगाइतके जुने वाद्य कोणते? पण चर्चमध्ये ते नवे होते. नवे काय आणि जुने काय, हे साधनावरून ठरवता येत नाही.

याचा उलटा पुरावा रेडिओने दिला. रेडिओवरून बोलताना हे सांगायला मला मौज वाटते. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. तो उभारला खुद्द मार्कोनी यांनी. पोप पायस अकरावे यांचा आवाज त्या दिवशी समुद्रापार गेला. जगातले सर्वांत नवे यंत्र होते ते, आणि भाषण झाले लॅटिनमध्ये. आवाज सर्वांपर्यंत गेला, अर्थ फार थोड्यांपर्यंत. ही तक्रार नव्हे, ती त्या काळची रीतच होती. वसईच्या आणि मुंबईच्या कॅथलिक देवळांतही मिस्सा लॅटिनमध्येच चाले. आजी-आजोबा माळ ओढत बसायचे आणि घंटी वाजली की गुडघे टेकायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला जागा दिली. त्याच दिवशी परिषदेने वृत्तपत्र, चित्रपट, रेडिओ अशा संपर्कसाधनांविषयीही एक ठराव संमत केला. या दोन ठरावांची तारीख एक असावी, हे मला फार बोलके वाटते. यंत्र बत्तीस वर्षे आधी आले होते. भाषा त्या दिवशी आली.

त्यानंतर वसईतली मिस्सा मराठीत होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि वसईच्या हिरव्या पट्ट्याची, तिथल्या झाडांची आणि पाण्याची चिंता त्यातून मांडली. २०२० साली धाराशिवला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीवर बसला, यामागे स्टीफन्स यांच्या ओवीपासून चालत आलेली चारशे वर्षांची वाट आहे. फादर दिब्रिटो २०२४ साली गेले.

आणि २०२० मध्येच करोनामुळे देवळे, मशिदी, चर्च सारे बंद झाले. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोममधल्या सेंट पीटरच्या रिकाम्या, पावसाने भिजलेल्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते आणि जग ते पडद्यावर पाहत होते. आपल्याकडेही उपासना मोबाइलवर आली. काही ठिकाणी ती आजही तशी चालते. एका बटणाने हजारो घरांत शिरता येते आणि लगेच आकडाही कळतो, किती जणांनी पाहिले. फादर स्टीफन्स यांना असा आकडा कधी कळला नाही. त्यांना एक माणूस भेटला, ज्याने विचारले, आमचे ऐकण्याजोगे काही का देत नाही? मोबाइलच्या पडद्याखाली असा प्रश्न कोणी लिहिला, तर पलीकडे तो वाचणारा कोणी बसलेला आहे का? हे चर्चने पाहावे आणि देवळाने, मठाने, शाळेने, आम्ही रेडिओवर बोलणाऱ्यांनीही पाहावे.

सहाशे खिळ्यांचे कोडे आता राहिलेले नाही. संगणकात आपली लिपी थोड्या मूळ चिन्हांनी बनते. ‘क’, मग पायमोड, मग ‘य’ असे दाबले की ‘क्य’ आपोआप उमटते. वारीला निघालेला शेतकरी आणि बोटीवरचा कोळी मोबाइलवर मराठी लिहितो. अक्षर स्वस्त झाले आहे. ते मिळवण्यासाठी एका परक्या माणसाने रोमला पत्र लिहिले होते, याचे कारण त्याला इथल्या लोकांशी त्यांच्या अक्षरात बोलायचे होते. अक्षर मिळाले नाही तरी तो थांबला नाही. त्याने आधी ओवी शिकून घेतली.